लोकमान्य, पण कोणत्या लोकांचे?

१ ऑगस्ट आला की आपल्या वस्त्यांत अण्णा भाऊ साठे यांची जयंती होते आणि सरकारी कचेऱ्यांत बाळ गंगाधर टिळकांच्या तसबिरीला हार पडतो. १९२० साली ज्या दिवशी अण्णा भाऊ जन्मले त्याच दिवशी टिळक वारले. शाळेत आम्हालाही टिळक राष्ट्रपुरुष म्हणूनच शिकवले गेले. हा मान त्यांना द्यावा काय?

१८५६ साली रत्नागिरीत जन्मलेल्या या माणसाचा त्याग आम्ही नाकारत नाही. राजद्रोहाच्या खटल्यात १९०८ साली त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, ती त्यांनी मंडालेत भोगली. वाद पुढचा आहे.

१८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकर अडकले तेव्हा दहा हजारांच्या जामिनासाठी धावले ते महात्मा फुले आणि त्यांचे सहकारी रामशेठ उरवणे. शेंगांच्या टरफलांची गोष्ट पोराटोरांना पाठ आहे; हा जामीन किती जणांना ठाऊक?

त्याची परतफेड कशी झाली? मुलींचे संमतिवय दहावरून बारा करणारा कायदा १८९१ साली आला. बंगालात फुलमणी नावाची कोवळी मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली होती. तरीही परक्या सरकारने धर्मात हात घालू नये म्हणून टिळक विरोधात उभे! १८९५ साली पुण्यातील काँग्रेसच्या मंडपात सामाजिक परिषद भरू देण्यास त्यांचा विरोध. वेदोक्त प्रकरणात ते छत्रपती शाहूंच्या विरोधात. १९१८ साली मुंबईच्या अस्पृश्यता निवारण परिषदेत त्यांनी जोरदार भाषण केले, टाळ्या घेतल्या. अस्पृश्यता न पाळण्याच्या जाहीरनाम्यावर सही मात्र केली नाही. १९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, तेव्हा पैसे देऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. टिळक तेव्हा हयात होते.

इंग्रजांशी लढलेला मोठा पुढारी म्हणून त्यांची नोंद जरूर राहावी. पण ज्यांना माणूस म्हणून जगायचे होते, त्यांच्या बाजूने सही करण्याची वेळ आली तेव्हा ज्यांचा हात मागे राहिला, त्यांना साऱ्या राष्ट्राचा नायक आम्ही कसे म्हणावे?

टिळकांच्याच घरात वेगळा माणूस निपजला होता. त्यांचे चिरंजीव श्रीधरपंत यांनी १९२८ साली गायकवाड वाड्यात समता संघ सुरू केला आणि त्यासाठी बाबासाहेबांना बोलावले. त्याच वर्षी मे महिन्यात श्रीधरपंतांनी आपले जीवन संपवले. जाण्यापूर्वी त्यांनी लिहिलेल्या पत्रांपैकी एक बाबासाहेबांना होते.