रॉबर्ट बुन्सेन
रॉबर्ट विल्हेल्म बुन्सेन (मार्च १८११ – १६ ऑगस्ट १८९९) हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ होते. गुस्ताव किरखोफ यांच्यासह त्यांनी वर्णपटाद्वारे मूलद्रव्ये ओळखण्याची पद्धत विकसित केली. रक्तातील पोटॅशियम मोजण्याच्या ज्योत-प्रकाशमापन पद्धतीचा पाया त्यांच्या या कार्यात आहे.

जीवन

बुन्सेन यांचा जन्म गटिंगेन येथे झाला. त्यांचे वडील तेथील विद्यापीठात प्राध्यापक होते. १८३४ मध्ये बुन्सेन यांनी बेर्टोल्ड यांच्यासह आर्सेनिकच्या विषबाधेवर लोहाच्या हायड्रॉक्साइडचा उतारा शोधला. पुढे आर्सेनिकच्या कॅकोडिल संयुगांवर संशोधन करताना झालेल्या स्फोटात त्यांचा एक डोळा कायमचा निकामी झाला. १८५२ मध्ये ते हायडेलबर्ग विद्यापीठात रुजू झाले व १८८९ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. ते अविवाहित होते.

ज्योत आणि वर्णपट

पोटॅशियमचे क्षार ज्योतीला जांभळा, तर सोडियमचे क्षार पिवळा रंग देतात. मात्र सामान्य ज्योत स्वतःच प्रकाशमान असल्याने हे रंग स्पष्ट दिसत नसत. १८५५ च्या सुमारास बुन्सेन यांनी विद्यापीठातील तंत्रज्ञ पेटर देसागा यांच्या साहाय्याने जवळजवळ रंगहीन ज्योत देणारा बर्नर सिद्ध केला. त्याचे पेटंट त्यांनी घेतले नाही.

तरीही एक अडचण उरली. सोडियमचा अंश असला तरी त्याच्या पिवळ्या रंगात पोटॅशियमचा फिकट जांभळा रंग लोपतो. बुन्सेन रंगीत काचांमधून ज्योतीचे निरीक्षण करीत असत. ज्योतीचा प्रकाश लोलकातून पाहावा, असे किरखोफ यांनी सुचविले. त्यामुळे प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा वर्णपटात वेगवेगळ्या जागी दिसू लागल्या. याच पद्धतीने दोघांनी १८६० मध्ये ड्यूर्कहाइमच्या खनिजजलात सीझियम आणि १८६१ मध्ये रुबिडियम ही पोटॅशियमच्या गटातील मूलद्रव्ये शोधली.

रक्तपरीक्षेतील उपयोग

निरोगी प्रौढाच्या रक्तरसात पोटॅशियमचे प्रमाण दर लिटरला साधारणतः ३.५ ते ५.० मिलिमोल असते. ते फार वाढल्यास किंवा घटल्यास हृदयाचे ठोके अनियमित होऊन मृत्यू ओढवू शकतो. म्हणून निदान त्वरित होणे आवश्यक असते. पूर्वी पोटॅशियमचा साका पाडून मोजणी करावी लागे व त्यात बराच वेळ जाई. विसाव्या शतकाच्या मध्यास रुग्णालयांत फ्लेम फोटोमीटर आले. या यंत्रात पातळ केलेला रक्तरस ज्योतीत फवारतात आणि पोटॅशियमच्या सुमारे ७६६ नॅनोमीटर तरंगलांबीच्या तांबड्या प्रकाशाची तीव्रता मोजतात. डोळ्यांना ज्योत जांभळी दिसत असली, तरी मोजणीसाठी ही तांबडी रेषाच उपयुक्त ठरते. आता बहुतेक प्रयोगशाळांत आयन-निवडक विद्युतअग्र वापरले जाते.

यंत्र कोणतेही असले, तरी नमुना काळजीपूर्वक घ्यावा लागतो. तांबड्या पेशींत पोटॅशियम रक्तरसाच्या अनेक पट असते. नमुना घेताना किंवा हाताळताना त्या फुटल्यास रुग्णाचे पोटॅशियम प्रत्यक्षापेक्षा अधिक दिसते.

सन्मान

बुन्सेन यांना १८६० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले. १८७७ मध्ये पहिले डेव्ही पदक त्यांना व किरखोफ यांना संयुक्तपणे देण्यात आले. त्यांचे निधन हायडेलबर्ग येथे झाले.