डिकन्सचा न संपलेला प्रवास

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

चार्ल्स डिकन्स हे नाव साहित्याच्या विद्यार्थ्याला नवे नाही. 'ऑलिव्हर ट्विस्ट' आणि 'डेव्हिड कॉपरफील्ड' लिहिणारा हा थोर कादंबरीकार ७ फेब्रुवारी १८१२ रोजी इंग्लंडमधील पोर्ट्समथ येथे जन्मला. त्याच्या ग्रंथांविषयी विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. येथे त्याच्या मनाला झालेल्या दोन जखमांची हकिकत सांगावयाची आहे.

पहिली जखम बालपणीची. वडील जॉन डिकन्स आरमाराच्या कचेरीत कारकून होते. हात सैल असल्याने कर्ज वाढत गेले आणि १८२४ साली त्यांना मार्शलसीच्या तुरुंगात जावे लागले. त्याच सुमारास बारा वर्षांचा चार्ल्स शाळेऐवजी लंडनच्या नदीकाठी बूटपॉलिशच्या कारखान्यात जाऊ लागला. दिवसभर डब्यांवर लेबले चिकटवायची आणि आठवड्याला सहा शिलिंग घ्यायचे. कर्जाने घर कसे मोडते हे ज्याने पाहिले आहे, त्याला हे दुःख समजावून सांगावे लागत नाही. पुढे कीर्ती आली, पैसा आला. पण मित्र फॉर्स्टर याच्याखेरीज जवळजवळ कोणालाही त्याने ही गोष्ट सांगितली नाही. तेथील जुना बाजार पाडला जाईपर्यंत त्या जागी पुन्हा पाऊल टाकण्याचे धैर्य त्याला झाले नाही.

दुसरी जखम ९ जून १८६५ ची. डिकन्स फोकस्टनहून आगगाडीने लंडनला येत होता. स्टेपलहर्स्टजवळ एका पुलाच्या दुरुस्तीसाठी रूळ काढलेले होते. मुकादमाने वेळापत्रक चुकीचे वाचले होते, त्यामुळे गाडी येईल हे मजुरांच्या ध्यानीमनी नव्हते. गाडी वेगाने आली आणि डबे खाली नदीत कोसळले. दहा माणसे दगावली. डिकन्सचा डबा पुलाच्या कडेला लोंबकळत राहिला. त्याने सोबतच्या स्त्रियांना बाहेर काढले, आपल्या उंच टोपीत पाणी भरून आणले आणि जखमींना पाणी व ब्रँडी पाजली. मग लोंबकळणाऱ्या डब्यात पुन्हा शिरून 'अवर म्युच्युअल फ्रेंड'चे हस्तलिखितही त्याने काढून आणले.

अशा शूर माणसाचे हात नंतर कापू लागले. काही दिवस आवाजच बसला. गाडीला जरासा हिसका बसला की तो आसन घट्ट धरून ठेवी, घामाघूम होई. मुलांनी हे डोळ्यांनी पाहिले. तो मुद्दाम संथ गाड्या निवडू लागला. तरीही गावोगावी जाहीर वाचनांसाठी त्याला रेल्वेनेच जावे लागे.

असे का व्हावे? आजचे शास्त्र सांगते की स्मृती एकच नसते. काय, कोठे, केव्हा घडले याची नोंद होण्यासाठी मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग लागतो. भीतीची खूण मात्र अमिग्डाला या बदामाएवढ्या भागाच्या साहाय्याने उमटते. भयंकर प्रसंगी ही खूण फार खोल उमटते. मग नुसत्या हिसक्यानेही शरीराला वाटते की अपघात आत्ताच होतो आहे. या कादंबरीच्या अखेरीस डिकन्सने अपघाताचा उल्लेख हलक्याफुलक्या शब्दांत केला आहे. लेखणी सावरली होती. शरीर सावरले नव्हते.

अशा अवस्थेला आघातोत्तर तणाव विकार हे नाव मिळून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत तिची नोंद झाली ती १९८० साली. डिकन्सची तपासणी आता कोणी करू शकत नाही. पण त्याची लक्षणे तिच्याशी पुष्कळ जुळतात.

अपघाताला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, ९ जून १८७० रोजी, गॅड्स हिल येथील घरी डिकन्सचे निधन झाले. शेवटची कादंबरी अपुरीच राहिली.

मित्रहो, संकटातून वाचलेला माणूस पुढे थरथरू लागला की आपण त्याला भित्रा म्हणतो, मन घट्ट कर असे सांगतो. स्टेपलहर्स्टच्या पुलाखाली उतरलेला माणूस भित्रा नव्हता. थरथरणाऱ्याला उपदेशाआधी सोबत द्यावी, एवढे तरी त्याच्या चरित्रातून आपण शिकावे.