आरफळचे हैबतबाबा

आषाढी वारीला आम्ही माणगंगेकाठची मंडळी म्हसवडाहून निघतो, आमच्या सिद्धनाथाला हात जोडतो आणि नातेपुत्याला माउलींच्या सोहळ्यात मिळतो. एके वर्षी तळावर एक तरुण टाळकरी रुसून बसला होता. आपल्या दिंडीला पुढचा मान का नाही, हे त्याचे दुःख. त्याला आम्ही जे चरित्र सांगितले, तेच आज वाचक सज्जनांपुढे ठेवतो.

सातारा तालुक्यात आरफळ नावाचे गाव आहे. तिथले पवार घराण्यातले हैबतराव हे ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या पदरी सरदार होते. घोडा, तलवार, हुकूम, सगळे होते. परंपरेने असे सांगतात की, द्रव्य घेऊन गावाकडे परतताना सातपुड्यात एका टोळीने त्यांना धरले, गुहेत कोंडले आणि तोंडावर शिळा लोटली. आता तलवार काय कामाची? हैबतरावांनी हरिपाठ धरला. अन्नपाण्यावाचून दिवस लोटले. एकविसाव्या दिवशी टोळीच्या नायकाला पुत्र झाला. त्या आनंदात त्याने शिळा काढवली, तो आत नामस्मरण चालूच! त्याने त्यांना सन्मानाने सोडले.

सुटलेला माणूस घरी जायचा, होय ना? हैबतराव आळंदीला गेले, ते कायमचेच. सरदाराचे बाबा झाले. रात्री समाधीपुढे भजन करीत उभे राहावे, हीच त्यांची चाकरी.

त्या काळी ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकाच पालखीतून पंढरीला जात. तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी इ. स. १६८५ मध्ये ही प्रथा घातली. पुढे मानावरून कलह होऊ लागले. संतांच्या पालखीपुढे भांडण, याहून वाईट ते काय? तेव्हा १८३२ च्या सुमारास हैबतबाबांनी माउलींचा सोहळा स्वतंत्र काढला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे, तंबू आणि नैवेद्याची सेवा पत्करली. खंडोजीबाबा, वासकर यांसारखे थोर वारकरी बाबांच्या पाठीशी उभे राहिले.

बाबांनी तलवार टाकली, पण लष्कराची शिस्त टाकली नाही, ती देवाच्या पायी लावली. कर्णा वाजला की तळ हलावा, दिंड्यांनी क्रम सोडू नये, भजनाची मालिका ठरलेली असावी. पुढे माउलींचा अश्व चालतो, त्याच्या पाठीवर स्वार नसतो. सेनापती कोण, ते त्यावरून ओळखावे.

या शिस्तीत धाक नाही बरं का! मुक्कामी समाजआरतीला सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. चोपदाराने चोप उंचावला की एवढा समुदाय गप्प होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल, ती टाळ वाजवीत राहते. चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणे ऐकले जाते, आणि मग आरती. गाऱ्हाणे दाबायचे नाही, पण ते भजनाच्या मर्यादेतच मांडायचे.

बाबांमागे सोहळ्याची मालकी आरफळकर घराण्याकडे चालत आली. मालक हा शब्द ऐकून कोणी दचकू नये. इथे मालकी म्हणजे उन्हापावसात पालखीबरोबर चालण्याचे ऋण. मान हा वारसाने मिळेल, सेवा मात्र दर वर्षी नव्याने करावी लागते.

आणि एवढा सोहळा उभारणाऱ्याने स्वतःसाठी काय मागितले? आळंदीच्या महाद्वारातली पायरी! कार्तिक वद्य अष्टमीला त्या पायरीचे पूजन होते आणि माउलींच्या समाधिसोहळ्याला आरंभ होतो. ज्याने सर्वांना क्रम लावून दिला, तो स्वतः दारात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांशी राहिला.

आमचा टाळकरी हे ऐकून काही बोलला नाही. पहाटे कर्णा झाला तेव्हा तो आपल्या जागी, शेवटच्या रांगेत, टाळ घेऊन उभा होता. आम्हाला तेवढे पुरे झाले.

रामकृष्णहरि.