न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी



जुईनगरला गाडीत बसून आपण छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरतो. स्थानकासमोरच अंजुमन-ए-इस्लामची भव्य इमारत उभी आहे. तिच्यामागे ज्या पुरुषाची तळमळ होती, त्याचे चरित्र आपण प्रत्येकाने जाणून घेतले पाहिजे.

बद्रुद्दीन तय्यबजी यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1844 रोजी मुंबईत सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. वडील तय्यबअली हे खंबायतहून आलेले व्यापारी. मदरशात उर्दू-फारसी आणि एल्फिन्स्टनमध्ये इंग्रजी शिकून बद्रुद्दीन 1860 साली विलायतेस गेले. मध्यंतरी डोळ्यांच्या विकारामुळे त्यांना शिक्षण सोडून परतावे लागले. पण ते पुन्हा गेले आणि 1867 साली बॅरिस्टर होऊनच आले. मुंबईच्या हायकोर्टातील ते पहिले हिंदी बॅरिस्टर होत.

त्या काळी मुंबईत पारशी, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, ज्यू असे सर्व समाज एकत्र नांदत होते. गिरण्या, गोदी, व्यापार वाढत होता. परंतु नव्या शिक्षणात आपला समाज मागे पडला होता. हे ओळखून 1874 साली बंधू कमरुद्दीन, नाखुदा मोहम्मद अली रोगे, मुन्शी गुलाम मोहम्मद आदींसह त्यांनी अंजुमन स्थापन केली. 1880 साली शाळा सुरू झाली आणि 1893 साली आजची इमारत पुरी झाली. मुलींनी शिकावे असे नुसते सांगून ते थांबले नाहीत. आपल्या मुलींना त्यांनी शाळेत घातले, पुढे विलायतेसही पाठविले.

समाजासाठी झटताना त्यांनी शहराकडे व देशाकडे पाठ फिरविली नाही. फिरोजशहा मेहता व काशिनाथ तेलंग यांच्याबरोबर त्यांनी 1885 साली बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन उभारली. 1887 साली मद्रासला ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. सर सय्यद अहमद खान यांचा काँग्रेसला विरोध होता. दोघांत मतभेद झाले, तरी शिक्षणाविषयी दोघांचीही तळमळ एकच होती.

1895 साली ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. 1897 साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. आधी नाकारलेला जामीन न्यायमूर्ती तय्यबजींनी मंजूर केला. सरकारची मर्जी किंवा आरोपीचा धर्म त्यांनी पाहिला नाही. पाहिला तो कायदा. 1902 साली त्यांनी हंगामी मुख्य न्यायाधीश म्हणूनही काम केले. 19 ऑगस्ट 1906 रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

पालकहो, घरची अडचण आली की मुलाला कामाला लावावे, मुलीची शाळा थांबवावी, असा विचार आजही मनात येतो. अशा वेळी आजारपणाने परतलेला आणि पुन्हा विलायतेस गेलेला तो तरुण आठवावा. विद्यार्थ्यांनो, आपल्या दीनाशी व समाजाशी इमान राखूनही सर्वांच्या शहरात मानाने उभे राहता येते, हे त्यांनी दाखवून दिले. तो मान त्यांना विद्येने दिला. तुम्हांलाही तीच देईल, इन्शाअल्लाह.