शिक्षणाआधी जेवण : शाहू महाराजांची वसतिगृहे

कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयातून बाहेर पडून दसरा चौकात आले की आजूबाजूला बोर्डिंगच्या जुन्या इमारती दिसतात. मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग ही नावे इथल्या रिक्षावाल्यालाही पाठ असतात, पण ती पत्ता म्हणून. या इमारती उभ्या राहिल्या तेव्हा शहरात शिकायला येणाऱ्या खेड्यातल्या मुलाला रात्री पाठ टेकायला जागा आणि दोन वेळचे अन्न मिळणे हाच मोठा प्रश्न होता. तो ज्याने ओळखला तो राजा मूळचा कागलचा.

कागलचे जहागीरदार जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे आणि राधाबाई यांचा हा मुलगा, यशवंत. जन्म २६ जून १८७४ चा. आई तो अगदी लहान असतानाच गेली. १७ मार्च १८८४ रोजी तो कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला आणि शाहू झाला. त्यानंतर दोनच वर्षांत वडीलही गेले. राजकोट आणि धारवाड इथे शिक्षण झाले आणि २ एप्रिल १८९४ रोजी, विसाव्या वर्षी, राज्याची सूत्रे हाती आली.

सुरुवातीची वर्षे संकटांचीच होती. १८९६-९७ मध्ये दुष्काळ पडला आणि त्यापाठोपाठ प्लेग आला. ही दोन संकटे एकामागून एक येणे वैद्यकाच्या दृष्टीने विशेष नवलाचे नाही. अर्धपोटी शरीराची प्रतिकारशक्ती खचलेली असते, धान्याच्या कोठारांत उंदीर वाढतात आणि उंदरांच्या अंगावरच्या पिसवा प्लेगचे जंतू माणसापर्यंत आणतात. अर्थात पिसवांची ही भूमिका त्या काळी सर्वमान्य झालेली नव्हती. लोकांना घरे सोडून गावाबाहेर झोपड्यांत राहायला नेणे हाच तेव्हा मुख्य उपाय होता. कोल्हापुरात तो झाला. दुष्काळात महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, रस्त्यांची व तलावांची कामे काढली, निराधारांसाठी आश्रम चालवले. कामावर येणाऱ्या बायकांच्या तान्ह्या मुलांसाठी पाळणाघरेही काढली, आणि यातली सर्वांत दूरदृष्टीची गोष्ट हीच म्हणावी लागेल. आई खडी फोडत असताना मूल उन्हात पडून राहिले, तर तिने मिळवलेली मजुरी मुलाच्या आजारपणातच जाते.

दुष्काळातली मदत मात्र दुष्काळापुरती असते. महाराजांचे खरे काम पुढे वसतिगृहांत दिसते.

राज्यकारभार हाती आला तेव्हा दरबारातल्या जवळपास सगळ्या जबाबदारीच्या जागा एकाच जातीकडे होत्या. बहुजन मुलांना शाळेची दारे कागदोपत्री बंद नव्हती, पण शाळा शहरात होती आणि मुलगा खेड्यात. शेतकऱ्याच्या घरात बारा-तेरा वर्षांचा मुलगा म्हणजे कामाचा हात. तो हात गमवायचा आणि वर कोल्हापुरात त्याच्या खोलीचे व खाणावळीचे पैसे भरायचे, हा हिशेब कुठल्याच कुणब्याला परवडणारा नव्हता. फी माफ करून तो सुटत नव्हता. राजाराम कॉलेजला जोडून सर्व जातींसाठी एक वसतिगृह काढून पाहिले, पण प्रत्यक्षात ब्राह्मणेतर मुलांना तिथे जागा उरली नाही. मग १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी आणि तिचे मुस्लिम बोर्डिंग, १९०७ मध्ये लिंगायत बोर्डिंग, तर १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल सुरू झाले. पुढे शिंपी, सोनार, सारस्वत, पांचाळ अशी यादी वाढतच गेली. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे.

या संस्था कशा उभ्या केल्या, हे पाहण्यासारखे आहे. महाराज मोक्याची जागा द्यायचे, इमारतीला रक्कम द्यायचे, कायमचे उत्पन्न लावून द्यायचे. रोजचा कारभार मात्र त्या त्या समाजातल्या मंडळींकडे असे. वर्गणी त्यांनीच जमवायची, धान्य त्यांनीच आणायचे, मुलांवर लक्षही त्यांनीच ठेवायचे. दरबारच्या तिजोरीतून दरमहा खर्च भागवला असता तर राजा बदलताच चूल विझण्याची भीती होती. जागा आणि उत्पन्न संस्थेच्याच नावावर असल्याने तशी वेळ आली नाही.

२६ जुलै १९०२ च्या हुकमाने राज्यातल्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या गेल्या. या हुकमाची चर्चा खूप होते, पण तो वसतिगृहांपासून वेगळा काढून वाचता येत नाही. जागा राखल्या तरी त्या भरायला शिकलेली माणसे हवीत, आणि ती बोर्डिंगमधूनच येणार होती. बोर्डिंगमधला एक मुलगा कारकून झाला की घरी पगार जायचा, मागची भावंडे शाळेत यायची. शिकलेली आई असेल तर मुले जगण्याचे प्रमाण वाढते, हे पुढे जगभरच्या अभ्यासांतून सिद्ध झाले. त्या बाबतीत मात्र मुलींसाठी या व्यवस्थेत फारशी जागा नव्हती, ही तिची मोठी उणीव मानायला हवी. अपवाद होते. डॉ. कृष्णाबाई केळवकर यांना महाराजांनी वैद्यकीय शिक्षणासाठी मदत केली आणि आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे आजच्या सीपीआरमध्येच, नेमले. बाळंतपणासाठी पुरुष डॉक्टरकडे जायला बायका तयार नसत, तेव्हा ही नेमणूक किती जिवांच्या कामी आली असेल याचा अंदाज कुठल्याही प्रसूती विभागातल्या डॉक्टरला येईल.

दुसरी उणीव या रचनेतच होती. समाजाच्या हाती संस्था दिली की समाजाचे दोषही तिच्यात येतात. कुंभोजचा भाऊराव पाटील नावाचा विद्यार्थी जैन बोर्डिंगमध्ये राहत होता. तो मिस क्लार्क होस्टेलच्या समारंभाला जाऊन आला आणि परतल्यावर आंघोळ करायला तयार झाला नाही, म्हणून त्याला बोर्डिंग सोडावे लागले, असे चरित्रकार सांगतात. त्याचे अधीक्षक होते अण्णासाहेब लठ्ठे. पुढे शाहू महाराजांचे चरित्र लिहिले ते याच लठ्ठ्यांनी. भाऊरावला आसरा दिला तो महाराजांनी.

जातवार बोर्डिंगांनी जाती घट्ट केल्या, हा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही आहे. तो खोटा नाही. पण ज्या समाजात एका पंगतीला बसणे अशक्य होते, तिथे एकत्र वसतिगृहाची वाट पाहायची म्हणजे एक अख्खी पिढी उपाशी आणि निरक्षर ठेवायची. महाराजांनी वाट पाहिली नाही. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. कागल जहागिरीतल्या माणगावला मार्च १९२० मध्ये अस्पृश्यांची परिषद झाली तेव्हा तिचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते आणि महाराज तिथे जातीने हजर राहिले.

कुस्तीचे वेड असलेल्या या धिप्पाड माणसाला मधुमेहाने गाठले, पुढे हृदयविकारही जडला. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे सत्तेचाळीस. त्याच वर्षी जानेवारीत कॅनडातल्या टोरांटोला मधुमेहाच्या एका मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले होते.

बोर्डिंगांच्या चुली मात्र चालू राहिल्या. बोर्डिंगमधून बाहेर पडलेल्या भाऊरावांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. तिच्या आज चारशेहून अधिक शाळा आहेत. संस्थेने १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. तिथे सगळ्या जातींची मुले एकत्र स्वयंपाक करत आणि एकाच पंगतीला बसत.