रोझेलच्या मावशीकडे गेलेली आनंदी

बारावीचा निकाल लागला, की घराघरांत एकच विषय सुरू होतो, पुढं काय? परतूर तालुक्यातल्या आपल्या आष्टीसारख्या गावातून मुलगी जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला शिकायला जाणार म्हटलं, तरी आईच्या पोटात गोळा येतो. आता तर मराठवाड्यातल्या मुली एमबीबीएससाठी रशिया, जॉर्जिया, किरगिझस्तान अशा देशांतही जातात. पैशांची जुळवाजुळव कशीबशी होते. खरी धास्ती वेगळीच असते. तिकडच्या लोकांत राहून पोरगी आपली राहील ना? आणि एवढं करून तिला मिळणार काय, नुसती डिग्री?

मैत्रिणींनो, हेच प्रश्न १८८३ साली एका मराठी मुलीला लोकांनी भर रस्त्यात विचारले होते. तिचं नाव आनंदी गोपाळ जोशी. आपण तिला आनंदीबाई म्हणतो, पण बोटीत बसली तेव्हा ती जेमतेम अठरा वर्षांची होती. आपल्या लेकीच्या वयाची. म्हणून इथं तिला ‘ती’च म्हणू या.

३१ मार्च १८६५ चा तिचा जन्म. माहेर कल्याणचं, माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी, पोस्टात नोकरीला, तिच्याहून वीसेक वर्षांनी मोठा आणि बिजवर. त्यांना बायको शिकलेली हवी होती आणि ती हौस हट्टाच्या टोकाला गेलेली होती. चौदाव्या वर्षी आनंदीला मुलगा झाला. तो दहा दिवसच जगला. बाळंतिणीला स्त्री डॉक्टर मिळत नव्हती आणि पुरुष डॉक्टरला दाखवणं लाजेचं वाटे, हे तिनं जवळून पाहिलं. डॉक्टर व्हायचं, हे तिनं मनाशी पक्कं केलं.

गोपाळरावांनी अमेरिकेतल्या एका मिशनऱ्याला पत्र लिहून बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागितली. उत्तर आलं ते धर्म बदलण्याचं सुचवणारं. पण तो पत्रव्यवहार तिकडच्या मासिकात छापून आला आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाईंनी तो वाचला. कुठे, तर दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघताना! त्यांनी आपणहून पत्र पाठवलं. पुढं दोघींची पत्रं सुरू झाली ती जवळजवळ तीन वर्षं. न पाहिलेल्या या बाईला आनंदी मावशी म्हणू लागली.

त्या वेळी गोपाळरावांची बदली बंगालमध्ये, कलकत्त्याजवळ श्रीरामपूरला झाली होती. ही एकटी परदेशी जाणार हे कळल्यावर लोकांनी तिला भंडावून सोडलं. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ ला तिथल्या कॉलेजच्या सभागृहात उभं राहून तिनं इंग्रजीतून भाषण केलं. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज किती आहे हे सांगितलं आणि हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन, असा शब्द दिला. ७ एप्रिलला ती कलकत्त्याहून निघाली, ४ जूनला न्यूयॉर्कला उतरली. न्यायला मावशी आल्या होत्या.

कॉलेज ऑक्टोबरात सुरू होणार होतं. मधला सगळा उन्हाळा ती रोझेलला कार्पेंटरांच्या घरात राहिली. माझ्या मते तिचं खरं शिक्षण इथंच सुरू झालं. नवरा-बायको एकमेकांशी कसे बोलतात, मुली घरात कशा वावरतात, हे तिनं रोज पाहिलं. घेणं होतं तसं देणंही होतं. मावशींच्या ओळखीच्या बायकांना तिनं आपल्या पद्धतीचं जेवण रांधून वाढलं. शाकाहार सोडला नाही. साडी सोडली नाही. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, थंडी सोसवत नाही, म्हणून ती गुजराती पद्धतीनं साडी नेसू लागली, एवढाच काय तो बदल. काय धरून ठेवायचं आणि काय सोडायचं, हे तिचं ती ठरवत होती. कल्याणला किंवा श्रीरामपूरला असं ठरवायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती.

फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजनं तिला प्रवेश दिला, शिष्यवृत्तीही दिली. तिथं जगभरातून मुली येत. १८८५ सालचा एक फोटो प्रसिद्ध आहे. जपानची केई ओकामी, सीरियाची सबात इस्लामबुली आणि आपली आनंदी, तिघी शेजारी शेजारी बसलेल्या. तिघींच्या अंगावर आपापल्या देशाचा पोशाख आहे आणि तिघी एकाच कॉलेजात शिकताहेत. दूर जाऊन पोरगी परकी होते म्हणणाऱ्यांनी हा फोटो एकदा बघावाच.

आता या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग. गोपाळरावांना तिच्या शिक्षणाचा अभिमान होता, तसा त्यांचा हातही उठत असे. लहानपणी तिनं लाकडाचा मार खाल्ला होता, खुर्ची फेकून मारलेली सोसली होती. सोडून जाईन, अशी धमकीही ऐकली होती. ती घरात होती तोवर यावर अवाक्षर काढलं नाही. ती अमेरिकेत असताना गोपाळराव पत्रांतून टोचून लिहीत, संशय घेत. तेव्हा तिनं पत्रातच त्यांना हे सगळं लिहून दाखवलं. मार, खुर्ची, धमकी, एकेक करून. भाषा आदराची, पण काही लपवलेलं नाही. त्यांच्यामुळेच आपण शिकलो, हेही ती विसरली नाही.

हे पत्र ती श्रीरामपूरच्या घरात बसून लिहू शकली असती का? मला तरी वाटत नाही. तिथं मार म्हणजे रोजचंच होतं, चारचौघींच्या घरी असतं तसं. दुसऱ्या घरात, दुसऱ्या रीतीत राहिल्यावर तिला आपलं घर लांबून दिसलं. त्यातलं चांगलं कुठलं, खुपणारं कुठलं, हे वेगळं करता आलं. परक्या देशात राहून शिकण्याची कमाई म्हणतात ती ही. पुस्तकं इथंही मिळतात. हे लांबून पाहणं मात्र लांब गेल्याशिवाय सहसा जमत नाही.

आणि लांब गेल्यावर तिनं घराकडे पाठ फिरवली, असंही नाही. पदवीच्या प्रबंधासाठी तिनं विषय निवडला तो आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. ज्या बाळंतपणानं तिचं मूल नेलं, त्याचाच अभ्यास तिनं सातासमुद्रापार बसून केला. ११ मार्च १८८६ ला तिला पदवी मिळाली. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी ती एक. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. गोपाळरावही आदल्या वर्षीच अमेरिकेत येऊन पोचले होते.

पण याची किंमतही तिनंच मोजली. फिलाडेल्फियात राहायला मिळालेल्या खोलीत शेकोटी धड पेटत नसे. पेटवली तर धूर, नाही पेटवली तर काकडा. त्यात अपुरं खाणं आणि अभ्यासाचं ओझं. तब्येत ढासळत गेली, क्षयानं गाठलं. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाची नेमणूक हातात होती. १८८६ च्या अखेरीस ती मायदेशी परतली, पण कामावर रुजू होऊच शकली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात तिनं शेवटचा श्वास घेतला. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. एकाही रुग्ण बाईला तिला इथं डॉक्टर म्हणून तपासता आलं नाही.

म्हणून लेकीला बाहेर पाठवताना आनंदीकडून दोन्ही गोष्टी घ्याव्यात. पहिली काळजीची. कॉलेजच्या माहितीपुस्तकातला चकचकीत फोटो बघून भुलू नका. खोली उबदार आहे का, जेवणाचं काय, आजारी पडली तर जवळ कोण, हे आधी विचारा. मेडिकलला जाणार असेल, तर परतल्यावर इथं नोंदणीसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागते, तीही आत्ताच ध्यानात घ्या. दुसरी गोष्ट मोकळीक देण्याची. पाच-सहा वर्षं परदेशात काढायची आणि राहायचं मात्र आपल्याच मुलींच्या खोलीत, जेवायचं आपल्याच मेसमध्ये, बोलायचं आपल्याच भाषेत, यानं डिग्री मिळेल, पण गाव बदललं असं होणार नाही. तिथल्या एखाद्या घरी तिचं जाणं-येणं असू द्या. तिथली भाषा मोडकीतोडकी का होईना, बोलू द्या. आणि सुट्टीत घरी आल्यावर तिनं आपल्याच घरातलं काही खुपतं म्हणून सांगितलं, तर तिकडं जाऊन शेफारली म्हणून तिला गप्प करू नका. जरा ऐकून घ्या.

आनंदीच्या अस्थी गोपाळरावांनी अमेरिकेला मावशींकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्या ठेवल्या आहेत. तिथं तिच्या नावाचा दगड आजही उभा आहे. दिल्या शब्दाप्रमाणे ती हिंदू म्हणून गेली आणि हिंदू म्हणूनच परत आली. तरीही सातासमुद्रापलीकडच्या एका घरानं तिला आपल्या माणसांत कायमची जागा दिली.