सर जमशेटजी जीजीभाई

मुलांनो, मुंबईत माहीमहून वांद्र्याला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी दिसते. मधून मोटारी धावत असतात. दोनशे वर्षांपूर्वी हा रस्ता नव्हता. तो कोणामुळे झाला, ते आज आपण पाहू.

मुंबई म्हणजे मुळात सात बेटे. माहीम हे त्यांपैकी एक. कोळी, भंडारी, कोकणी मुसलमान, ख्रिस्ती असे अनेक लोक या बेटांवर राहत. मधल्या खाड्यांत भराव घालून बेटे हळूहळू एकमेकांना जोडली गेली. पण वांद्रे हे गाव उत्तरेच्या साष्टी बेटावर होते. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती. ती होडीतून ओलांडावी लागे. पावसाळ्यात पाणी खवळे, होड्या उलटत आणि माणसे बुडत.

जमशेटजींचा जन्म १७८३ साली एका गरीब पारशी कुटुंबात झाला. सोळाव्या वर्षी त्यांचे आईवडील वारले. शाळेत फार शिकायला मिळाले नव्हते. ते मुंबईत मामांकडे राहून काम करू लागले. मामा रिकाम्या बाटल्यांचा व्यापार करत. पुढे, १८०३ साली, मामांची मुलगी आवाबाई हिच्याशी त्यांचे लग्न झाले.

व्यापारासाठी जमशेटजींनी चीनच्या पाच सफरी केल्या. १८०५ साली फ्रेंचांनी त्यांचे जहाज पकडले. त्यांना थेट आफ्रिकेच्या दक्षिण टोकापर्यंत नेण्यात आले. सारे सामान गेले. मोठ्या हालअपेष्टा सोसून ते घरी परतले. पण खचले नाहीत. पुढे मोतीचंद अमीचंद आणि महंमद अली रोगे हे त्यांचे भागीदार झाले. पारशी, जैन आणि कोकणी मुसलमान अशा तिघांनी मिळून व्यापार वाढवला.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवणे बरोबर नाही. या व्यापारात कापसाबरोबर अफूही होती. चीनमध्ये अफूला बंदी होती, तरी ती तेथे चोरून पोहोचवली जाई. तिच्या व्यसनाने तेथील असंख्य घरे उद्ध्वस्त झाली. जमशेटजींच्या संपत्तीचा मोठा भाग या व्यापारातून आला.

मिळालेल्या पैशातून त्यांनी दानधर्मही खूप केला. त्यांच्या देणगीतून उभे राहिलेले जे. जे. रुग्णालय १८४५ साली सुरू झाले. तेथे सर्व जातिधर्मांच्या रुग्णांवर उपचार होऊ लागले. १८५७ साली मुंबईत कलाशाळा निघाली, तीही त्यांच्याच देणगीतून.

आता पुन्हा खाडीकडे वळू. माहीम आणि वांद्रे जोडणारा रस्ता हवा, अशी लोकांची मागणी होती. कंपनी सरकार खर्च करायला तयार नव्हते. तेव्हा आवाबाई पुढे आल्या. त्यांनी या कामासाठी १,५७,००० रुपये दिले. अट एकच घातली : या रस्त्यावरून जाणाऱ्या कोणाकडूनही पथकर, म्हणजे टोल, घ्यायचा नाही. श्रीमंत असो वा गरीब, वाट सर्वांना मोकळी हवी. १८४३ साली काम सुरू झाले आणि १८४५ साली रस्ता खुला झाला. डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण आता भरती असो वा ओहोटी, पायी बाजाराला जाऊ शकत होती.

१८५९ साली जमशेटजींचे निधन झाले. माहीमचा लेडी जमशेटजी मार्ग आजही आवाबाईंची आठवण करून देतो.

मुलांनो, ज्या समुद्राने एका घरात संपत्ती आणली, त्याच समुद्रमार्गे दूरच्या देशात दुःखही पोहोचले. एखाद्याचे दान पाहताना ते धन आले कोठून, हेही विचारायला शिका. आणि कधी त्या रस्त्याने गेलात, तर क्षणभर खाडीच्या पाण्याकडे पाहा. जे होडीतून पलीकडे पोहोचलेच नाहीत, त्यांचीही आठवण ठेवा.